खरखर कुठून येते?

२००४ चा मे महिना. गाव धाराशिव, कागदोपत्री तेव्हाचं उस्मानाबाद. सोलापूरहून एस.टी.नं आणलेलं साउंड कार्ड मी कॉम्प्युटरमध्ये बसवलं, स्पीकरची वायर खोचली आणि बटण दाबलं. स्पीकरमधून गुंऽऽ असा एकसुरी आवाज यायला लागला. त्यावर बारीक खरखर. माउस हलवला की त्या खरखरीत किरकिर. गाणं लावलं तर गाणंही वाजत होतं, पण पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस पडत असताना कुणी लांबून गात असावं तसं.

नुसती गाणी ऐकायची असती तर मी तेवढ्यावर भागवलं असतं. पण कार्ड आणलं होतं एका कॅसेटसाठी. तेर भागातल्या आमच्या गावी १९८९ मध्ये आत्यानं आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. आजी १९९६ मध्ये गेली. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता, आणि त्या कॅसेटच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसायला लागले होते. आत्या म्हणायची, "सारखी सारखी वाजवू नको रे, झिजंल ती."

मदरबोर्डवरचा आवाज आधीच बंद पडला होता, म्हणून वेगळं कार्ड. टेपरेकॉर्डरची वायर कार्डाच्या निळ्या भोकात, म्हणजे लाइन-इनमध्ये घालायची, कॅसेट एकदाच सुरू करायची आणि सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं, असा बेत होता. त्या बेतात ही खरखर आडवी आली. ती शोधायला मला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे आणि माझ्या कितीतरी आधीपासून हीच खरखर शोधणारे लोक, यांची ही गोष्ट आहे.

मुका कॉम्प्युटर

तुमच्या हातातल्या फोनला आवाज आहे याचं तुम्हाला नवल वाटत नाही. पण कॉम्प्युटर बराच काळ जवळजवळ मुकाच होता. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात एक छोटा स्पीकर होता. तो मुख्यतः 'बीप' करायचा. चूक झाली की बीप, सुरू झाला की बीप.

गाणं-संगीत हवं असेल तर वेगळं कार्ड बसवावं लागे. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरातल्या अ‍ॅडलिब कंपनीनं असं कार्ड आणलं. ती कंपनी काढणारा माणूस संगीताचा प्राध्यापक होता. त्या कार्डावर यामाहाची चिप होती. ती वाद्यांसारखे सूर तयार करायची, पण माणसाचा आवाज टेप करणं तिचं काम नव्हतं. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं. क्रिएटिव्हचे सिम वाँग हू यांनी सुरुवात केली होती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका छोट्या दुकानातून. साउंड ब्लास्टर सूर तर वाजवायचंच, शिवाय माइकमधून येणारा आवाज आकड्यांत बदलून साठवायचं.

आकड्यांत बदलणं म्हणजे काय? आवाजाची लाट म्हणजे चढ-उतार. कार्ड दर सेकंदाला हजारो वेळा त्या लाटेची उंची मोजतं आणि आकडा लिहून ठेवतं. सुरुवातीच्या कार्डांत ही मोजपट्टी ८ बिटची होती, म्हणजे तिच्यावर २५६ खुणा. दोन खुणांच्या मधली उंची आली की जवळच्या खुणेवर ढकलायची. त्या ढकलाढकलीतून एक बारीक खरखर तयार होते. १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६ आलं, ते १६ बिटचं होतं. मोजपट्टीवर ६५,५३६ खुणा झाल्या आणि ही खरखर कानाला जाणवेनाशी झाली.

पण दुसरी खरखर राहिली. कॉम्प्युटरच्या डब्यात करोडो स्विच सेकंदाला करोडो वेळा चालू-बंद होत असतात. प्रत्येक चालू-बंद म्हणजे विजेची एक बारीक ठिणगी समजा. टेपमधून किंवा माइकमधून येणारा आवाज मात्र नाजूक, व्होल्टच्या छोट्या अंशात मोजायचा. तो त्या ठिणग्यांच्या शेजारून जातो. बाजाराच्या दिवशी भर चौकात कुणी कानात कुजबुजावं तशी त्याची गत. १९९७ मध्ये इंटेलनं एसी ९७ नावाचा नियमसंच आणला. त्यात आकड्यांचं काम एका चिपकडे आणि खऱ्या आवाजाचं काम वेगळ्या छोट्या चिपकडे दिलं. ही छोटी चिप गोंगाटापासून दूर, वायर खोचायच्या भोकांजवळ बसवता यावी हा एक हेतू होता. पुढं बहुतेक मदरबोर्डांवर आवाज फुकटात आला आणि वेगळं कार्ड घेण्याची गरज हळूहळू संपली.

आमच्याकडे कॉम्प्युटर साधारण याच काळात पोचला. २००१ नंतर एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्या-तालुक्याला उघडली. त्याच केंद्रांत मी टायपिंगपलीकडचं थोडंफार शिकलो होतो. 'कार्ड नवं, खरखर नवी, म्हणजे दोष कार्डाचा' एवढं तर्कशास्त्र माझ्याकडे होतं.

पहिला संशय

कार्डावर संशय घ्यायला जुना आधारही होता. आधीच्या काळात प्रत्येक कार्डाला प्रोसेसरला हाक मारायची एक ओळ ठरवून द्यावी लागे. तिला आयआरक्यू म्हणत. साउंड ब्लास्टरला बहुतेक वेळा ५ नंबरची ओळ द्यायचे. दुसऱ्या कुठल्या कार्डानं तीच ओळ धरली की आवाज तुटायचा, अडखळायचा, कधी कॉम्प्युटरच थिजायचा. कार्डावरचे बारीक जंपर चिमट्यानं काढून दुसरीकडे लावायचे, हा त्या काळच्या दुरुस्तीचा भाग होता.

पुढं पीसीआयची पांढरी खाच आली आणि जंपर गेले. पण भांडणं राहिली. २००१ च्या सुमारास व्हीआयए कंपनीच्या ६८६बी चिपचे मदरबोर्ड आणि साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड ही जोडी जगभर बदनाम झाली होती. आवाजात तडतड तर यायचीच, डिस्कवरची माहितीही बिघडायची. कार्डवाले मदरबोर्डकडे बोट दाखवत, मदरबोर्डवाले कार्डाकडे. शेवटी व्हीआयएनं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर काढलं. दोन्ही वस्तू आपापल्या जागी चालत होत्या, घोळ दोघांच्या देवाणघेवाणीत होता.

मी माझं कार्ड काढलं, पुसलं, डिस्प्ले कार्डापासून लांबच्या खाचेत बसवलं. माउसची किरकिर निम्म्यानं कमी झाली. मग व्हॉल्यूम कंट्रोलची खिडकी उघडून माइक, सीडी ऑडिओ, ऑक्स, वापरात नसलेली सगळी दारं 'म्यूट' केली. किरकिर जवळजवळ गेली. उघड्या दारातून डब्यातला गोंगाट आत येत होता, एवढंच.

गुंऽऽ मात्र तसाच. ड्रायव्हर बदलला, तसाच. ज्या दुकानातून कार्ड आणलं होतं तिथं फोन केला तर म्हणाले, "घेऊन या, बदलून देतो." बदलून आणलं. नव्या कार्डातूनही गुंऽऽ. आता दोष कार्डाचा म्हणायला जागा उरली नाही.

तारेवरचे आवाज

मशीन नवं, गडबड जुन्या जागेतली, हे टेलिफोनच्या जन्मापासून चालत आलेलं आहे. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर वाचताना कळलं.

टेलिफोनच्या आधी तारायंत्र होतं. विजेला जायला एक तार लागते आणि परत यायला दुसरी. पण जर्मनीतल्या श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं की परतीची तार नसली तरी चालतं, दोन्ही टोकं जमिनीत पुरा, परतीचं काम जमीन करते. निम्म्या तारेचा खर्च वाचला. बेल यांचा टेलिफोन १८७६ मध्ये आला, तोही याच पद्धतीनं जोडला गेला. एक तार आणि बाकी जमीन.

मग लोकांना तारेवर बोलण्याखेरीज बरंच काही ऐकू यायला लागलं. बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन रात्री रिकामी तार कानाला लावून बसत. कधी तडतड, कधी पाखराच्या चिवचिवाटासारखं काही. सूर्यावरच्या स्फोटांमुळे हे होत असावं, असाही एक अंदाज त्यांनी बांधला होता. शेजारच्या तारायंत्राची टकटक टेलिफोनवर उतरायची. पुढं शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्या, त्यांची वीजही जमिनीतूनच परतू लागली आणि टेलिफोनवर घरघर सुरू झाली.

दोष टेलिफोनचा नव्हता. सगळ्यांनी एकच जमीन परतीची वाट म्हणून धरली होती. तिथं एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात जाणारच. उपाय महागडा होता. परतीसाठी वेगळी तार टाकायची आणि दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि शेवटी वजा होतो. बेल यांनी या पिळाच्या जोडीचं पेटंट १८८१ मध्ये घेतलं. आज घरात इंटरनेटची लॅन केबल असेल तर तिच्या आत त्याच पिळाच्या चार जोड्या आहेत.

रेडिओ ऐकणारा जिल्हा

तार नसली की खरखर आणखी वाढते. रेडिओच्या पहिल्या पिढीनं हे अनुभवलं, आमच्या जिल्ह्यानंही.

धाराशिव जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र हैदराबादला होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून निघाली आणि पहिल्याच दिवशी तिनं आमच्या जिल्ह्यातलं नळदुर्ग घेतलं. १७ सप्टेंबरला खुद्द निजाम मीर उस्मान अली खान हैदराबाद रेडिओवरून बोलले आणि लढाई थांबल्याचं लोकांना कळलं. ज्याच्या नावावरून गावाला उस्मानाबाद नाव पडलं होतं, त्याच्या राज्याचा शेवट लोकांनी रेडिओच्या आवाजात ऐकला. त्या काळी रेडिओ मोजक्या घरांत. केंद्र लांब. सप्टेंबर म्हणजे पावसाळी हवा, आणि कुठंही वीज चमकली की मिडियम वेव्हवर कडाड्कन खरखर.

पुढं १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. मग लोकांनी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावला. बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचा आवाज समुद्रापलीकडून यायचा, लाटांसारखा वर-खाली होत, शिट्ट्या आणि खरखरीतून वाट काढत. रेडिओ खिडकीत ठेवायचा, एरियलची तार पत्र्याला बांधायची, एकानं बटण धरून बसायचं. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली ती या ओढीला उत्तर म्हणूनच.

आमच्या वडलांच्या पिढीला खरखरीतून गाणं वेचायची सवय होती. एफएम तंत्रामागं अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग यांचा खटाटोप होता. ही खरखरच घालवायची म्हणून त्यांनी ते उभं केलं आणि १९३३ मध्ये त्याची पेटंटं मिळवली. आकाशवाणीचं आमच्याकडचं स्थानिक केंद्र एफएमवर सुरू झालं तेव्हा वळवाच्या पावसातही बातम्या स्वच्छ ऐकू यायला लागल्या. वडील तरी म्हणायचे, "लई गुळगुळीत वाटतंय."

वही घेऊन बसलेला माणूस

खरखर शोधणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो कार्ल जान्स्की. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तो नोकरीला होता. अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनवर खरखर यायची, ती कुठून येते ते शोध, असं काम त्याला मिळालं. त्यानं शेतात एक अवाढव्य एरियल उभं केलं. ते फिरवता यावं म्हणून खाली फोर्ड मोटारीची चाकं लावली. वीस मिनिटांत एक फेरी. मग तो नुसता नोंदी करत राहिला. कधी आवाज आला, कुठल्या दिशेनं आला.

नोंदींतून तीन प्रकार निघाले. जवळच्या वादळांची खरखर. लांबच्या वादळांची खरखर. आणि तिसरी, कायमची, मंद सूंऽ अशी. तिचा जोर रोज वाढायचा आणि ओसरायचा. आधी वाटलं सूर्य असेल. पण महिनोन्महिन्यांच्या नोंदी पाहता ती वेळ रोज चार मिनिटांनी अलीकडे सरकत होती. सूर्य २४ तासांनी परत येतो. तारे २३ तास ५६ मिनिटांनी. १९३३ मध्ये जान्स्कीनं जाहीर केलं की हा आवाज आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येतोय. टेलिफोन दुरुस्त करायला निघालेल्या माणसाच्या हातून रेडिओ खगोलशास्त्र सुरू झालं.

त्या शास्त्राचं एक मोठं ठाणं आपल्याकडे आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही जवळजवळ, बाकीच्या वाय आकारात कित्येक किलोमीटर पसरलेल्या. २००१ मध्ये ती देशाला अर्पण झाली. जागा निवडताना एक गोष्ट महत्त्वाची होती, माणसानं केलेली रेडिओ-खरखर तिथं कमी असावी. मोटारींच्या ठिणग्या, विजेच्या तारा, मोबाइलचे टॉवर, हे सगळं त्या तबकड्यांना ऐकू येतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मार्ग ठरवतानाही जीएमआरटीला त्रास होईल हा मुद्दा आडवा आला.

जान्स्कीबद्दल तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, पण वही मीही केली होती. दुसरा उपाय नव्हता म्हणून. 'सकाळी ७, कमी. दुपारी ३, जास्त. टेपची वायर काढली, खूप कमी. टेपची वायर लावली, पुन्हा जास्त. कॅबिनेटला हात लावला, आवाज बदलला. अनवाणी हात लावला, झिणझिण्या.'

शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची होती, आणि मी ती सगळ्यात शेवटी लक्षात घेतली.

अर्थिंगला पाणी

वायरमनकाका आले ते पंख्याच्या कामाला. मी सहज म्हणालो, काका, कॉम्प्युटरला हात लावला की मुंग्या येतात. त्यांनी खिशातला टेस्टर काढून कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लागला.

"करंट उतरायलाय की डब्यात. आन् तुम्ही कार्डं बदलायलाव?"

त्यांनी होल्डरला साठचा बल्ब लावला. फेज आणि न्यूट्रलवर धरला, लख्ख पेटला. मग फेज आणि अर्थिंगवर धरला. काजव्यासारखा मिणमिणला.

"अर्थिंगच नाही राव घराला. खड्ड्याला पानी कधी घातलंतं?"

कुणालाच आठवेना. खड्डा कुठं आहे हेही आत्याला विचारावं लागलं. परसातल्या न्हाणीच्या मागं, पालापाचोळ्याखाली.

काय घडत होतं ते आता सांगता येतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून थोडी वीज पत्र्याच्या डब्याकडे सोडतात. तिथून ती तीन पिनांच्या प्लगमधल्या जाड पिनेतून जमिनीत जावी अशी योजना असते. जमिनीची वाट बंद असेल तर डबा अधांतरी राहतो, २३० च्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी, म्हणून माणूस सहसा दगावत नाही, झिणझिण्या येतात. पण ती वीज दुसरी वाट शोधते. मी टेपची वायर कार्डात खोचली आणि तिला वाट मिळाली. डब्यातून त्याच वायरीच्या जाळीतून टेपकडे. आजीचा आवाज ज्या वायरीतून येत होता, तिच्यातूनच घराची गळकी वीज जात होती. तीच गुंऽऽ करत होती.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली धातूची पट्टी किंवा पाइप, भोवती मीठ आणि कोळसा. ते चालतं मातीतल्या ओलाव्यावर. ओलाव्यात मीठ विरघळतं, त्यातून वीज वाहते. अर्थिंग कसं करावं याचं भारतीय मानकच आहे, आयएस ३०४३. आता आमची जमीन बघा. वर काळी माती, खाली दख्खनचा काळा कातळ. काळी माती ओली असली तर वीज छान वाहून नेते. उन्हाळ्यात ती वाळते, आक्रसते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पट्टीपासून सुटते. ओली माती आणि कोरडा कातळ यांच्या रोधात शंभरपटीहून जास्त फरक पडू शकतो. त्या मे महिन्यात विहिरींनी तळ गाठला होता. नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता. माणसांना पाणी पुरेना, अर्थिंगला कोण घालणार?

आत्यानं भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवलं. वायरमनकाकांनी खड्डा उकरला, गंजलेला नट बदलला, मीठ टाकलं आणि त्या दोन बादल्या हळूहळू ओतल्या. संध्याकाळी पुन्हा बल्ब लावला. लख्ख. टेस्टर पत्र्याला टेकवला. अंधार.

मी वर जाऊन स्पीकर लावले. गुंऽऽ गेला होता.

इथं एक सांगितलं पाहिजे. असा गुंऽऽ घालवायला काहीजण प्लगची जाड पिनच काढून टाकतात. कधी कधी आवाज खरंच जातो. पण पुढं आत काही बिघडलं आणि फेज पत्र्याला टेकली, तर जमिनीकडे जायची वाट तुम्ही स्वतः तोडलेली असते. मग वीज तुमच्यातून जाते. आणि बल्ब लावून बघायचं काम वायरमनचं, आपलं नाही.

उरलेली खरखर

कॅसेट एकदाच लावली. दोन्ही बाजू उतरवल्या. आजी आली. खालच्या पट्टीतला, थोडा अनुनासिक आवाज, ओवीच्या शेवटाला लांबवलेला.

एक सूंऽऽ तरीही होता. तो विजेचा नव्हता, फितीचा होता. १९६३ मध्ये फिलिप्सनं आणलेल्या कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, आणि सेकंदाला पाच सेंटिमीटरहून हळू सरकणारी. तिच्यावरच्या चुंबकीय कणांचा स्वतःचाच आवाज असतो. तो दबवायची सगळ्यात गाजलेली युक्ती रे डॉल्बी यांची. १९६० च्या दशकात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. १९६५ मध्ये इंग्लंडला परतून त्यांनी डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. पण डॉल्बीची युक्ती टेप करतानाच वापरावी लागते. आत्याच्या टेपवर ते बटण नव्हतं.

माझ्याकडे ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर होतं. त्यात खरखर काढायची सोय आहे. नुसती खरखर असलेला एक तुकडा निवडून दाखवायचा, सॉफ्टवेअर ती ओळखून सगळीकडून वजा करतं. ओवी सुरू होण्याआधी पाच-सहा सेकंद आजी गप्प होती. तो तुकडा मी निवडला.

खरखर गेली. स्वच्छ शांततेत आजी गायला लागली. आत्याला बोलावलं. तिनं डोळे मिटून थोडं ऐकलं आणि विचारलं, "जातं कुठं गेलं?"

पाच-सहा सेकंद आजी गप्प होती, जातं गप्प नव्हतं. तिनं आधी जातं फिरवलं होतं, मग ओवी धरली होती. सॉफ्टवेअरला मी दाखवलेली 'खरखर' म्हणजे फितीचा सूंऽऽ आणि जात्याची घरघर, दोन्ही. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा, एवढंच त्याला कळतं. जातं गेलं आणि त्याबरोबर आजीच्या आवाजाचा खालचा थरही गेला. ती विहिरीत बसून गात असल्यासारखी वाटत होती.

मी मूळ फाइल परत लावली.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम केलं. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या हजारो ओव्या चांगल्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ऐकायला मिळतात. तिथं एखादी ओवी लावा आणि गाणाऱ्या बाईंच्या मागं काय काय ऐकू येतं तेही ऐका.

आज तुमचा फोन मला विचारत नाही, तुम्हालाही विचारत नाही. कॉलवर बोलताना तो मागचा गोंगाट आपोआप पुसतो. पंखा, पाऊस, गिरणी, सगळं कचऱ्यात. बहुतेक वेळा ते बरंच असतं. पण गावाकडं गेलात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज भरून घ्यायचा ठरवलात, तर रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाज 'स्वच्छ' करायचं बटण आहे का बघा आणि ते बंद करा. मूळ फाइल कधीच पुसू नका. साफसफाई करायची तर नकलेवर करा. आणि खरखर आलीच, तर ती काढण्याआधी कुठून येते ते बघा. यंत्रातून येत असेल, भिंतीतल्या वायरीतून, कोरड्या जमिनीतून, किंवा जात्यातून.

आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे. ती फाइल तिच्या फोनमध्ये आहे, सूंऽऽ सकट. अर्थिंगच्या खड्ड्यावर तिनं तुळस लावली आहे. रोज पाणी पडतं.